लॅम्डाचा आकडा कोणी द्यायचा? गोलाकार वायुओघाच्या एका प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं महाविद्यालय आहे. भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.ला शेवटच्या सेमिस्टरमध्ये प्रकल्प असतो. बहुतेक मुलं पातळ फिल्म, नॅनोकण, सोलर सेल यांपैकी काहीतरी घेतात, कारण भट्टी आणि रसायनं विभागातच आहेत. एका विद्यार्थिनीला मात्र खगोलभौतिकीच हवी होती. मोठी दुर्बीण नाही, निरीक्षणाची सोय नाही. पण तिच्याकडे लॅपटॉप होता आणि पायथन बऱ्यापैकी येत होतं. म्हणून असा प्रश्न निवडला, ज्याला कागद, पेन आणि थोडी चिकाटी एवढंच भांडवल पुरतं.

प्रश्न असा. एक जड गोळा आहे. तो तारा असेल किंवा कृष्णविवर असेल. त्याच्याभोवती दूरवर सारख्या घनतेचा, सारख्या तापमानाचा, स्थिर वायू पसरलेला आहे. गुरुत्वामुळे तो सर्व बाजूंनी सारखाच आत पडू लागतो. कुठल्या अंतरावर त्याचा वेग किती, घनता किती, आणि दरवर्षी किती वायू गोळ्यात जातो?

हा प्रश्न जुना आहे. हॉइल आणि लिटलटन यांनी १९३९ मध्ये वायूच्या ढगातून जाणारा तारा किती वायू ओढून घेईल याचा हिशोब मांडला. १९४४ मध्ये बोंडी आणि हॉइल यांनी तो पुढे नेला. तारा वायूच्या मानाने स्थिर असेल तर काय, हे हर्मन बोंडी यांनी १९५२ मध्ये सोडवलं. वायूचा दाब त्यात पूर्णपणे धरलेला आहे. तेव्हा डोळ्यांपुढे तारे होते. आज हेच गणित आकाशगंगांच्या मध्यावरच्या कृष्णविवरांसाठी रोज वापरलं जातं.

समीकरणं आणि एककं

समीकरणं तीनच. पहिलं वस्तुमानाचं: त्रिज्येचा वर्ग, घनता आणि वेग यांचा गुणाकार सगळ्या त्रिज्यांवर सारखा. आत येणारा वायू मधे कुठे साठत नाही, एवढाच त्याचा अर्थ. दुसरं ऊर्जेचं, म्हणजे बर्नुलीचं: वेगाची, दाबाची आणि गुरुत्वाची ऊर्जा यांची बेरीज सगळीकडे सारखी. तिसरं वायूच्या स्वभावाचं: दाब घनतेच्या गॅमाव्या घाताप्रमाणे वाढतो. गॅमा म्हणजे वायू दाबला की किती तापतो हे सांगणारा आकडा.

एककं मात्र नीट निवडावी लागतात. सेंटिमीटर-ग्रॅममध्ये काम करायला गेलं की आकडे बत्तीस-तेहतीस शून्यांचे होतात आणि चूक कुठे आहे तेच दिसत नाही. म्हणून वेग दूरच्या वायूतल्या ध्वनिवेगात मोजायचा, घनता दूरच्या घनतेत, आणि अंतर बोंडी त्रिज्येत. बोंडी त्रिज्या म्हणजे गुरुत्वस्थिरांक गुणिले वस्तुमान, भागिले दूरच्या ध्वनिवेगाचा वर्ग. काही पुस्तकं यात दोनने गुणतात. दोन पुस्तकांतले आकडे शेजारी ठेवताना हे आधी पाहावं. एवढं केलं की गोळ्याचं वस्तुमान, वायूचं तापमान सगळं समीकरणातून निघून जातं. उरतात दोन आकडे: वायूचा गॅमा, आणि ओघ किती हे सांगणारा लॅम्डा, म्हणजे पहिल्या समीकरणातला तो गुणाकार.

अडचण पहिली: हद्द बदलली की उत्तर बदलतं

वायू आयनीभूत हायड्रोजनचा, म्हणजे सुटे कण, म्हणजे गॅमा ५/३. बी.एस्सी.ला हेच शिकवलेलं असतं, तेव्हा तिने तेच घेतलं. दहा बोंडी त्रिज्यांवरून सुरुवात करून प्रोग्राम पायरीपायरीने आत आणला. लॅम्डाचा एक अंदाज द्यायचा. प्रोग्राम शेवटपर्यंत गेला तर तो वाढवायचा, मधेच मोडला तर कमी करायचा. अर्ध्या-अर्ध्यावर तोडत गेलं की ज्याच्यापुढे ओघ जाऊ शकत नाही तो आकडा सापडतो.

आतली हद्द, म्हणजे प्रोग्राम जिथे थांबवायचा ती त्रिज्या, ०.१ वर ठेवली तेव्हा उत्तर ०.३३ आलं. हद्द ०.०१ वर नेली, उत्तर ०.२५८. आणखी आत ०.००१ वर नेली, ०.२५१. प्रोग्राममध्ये चूक असावी असं समजून तिने पायरी बारीक केली, पद्धत बदलली, आकडे तेच. हद्द तेवढी हलवली की उत्तर हलायचं.

खरं तर हे आकडे बिनचूक होते. गॅमा ५/३ साठी कुठल्याही त्रिज्येवर लॅम्डाची कमाल मर्यादा हाताने काढता येते: एकात त्या त्रिज्येची दीडपट मिळवा, निम्मं करा, वर्ग करा. ०.०१ घातलं की १.०१५ चं निम्मं ०.५०७५, त्याचा वर्ग ०.२५७६. त्रिज्या शून्याकडे नेली की मर्यादा नेमकी ०.२५ वर टेकते. ज्या जागी वायूचा वेग स्थानिक ध्वनिवेगाइतका होतो तो सॉनिक पॉइंट. बोंडींच्या सूत्राप्रमाणे तो पाच वजा तीन गॅमा, भागिले चार, इतक्या अंतरावर असतो. गॅमाच्या जागी ५/३ ठेवा: शून्य. म्हणजे सॉनिक पॉइंट थेट केंद्रात, आणि तिचा प्रोग्राम तिथवर कधी पोचणारच नव्हता. प्रत्येक वेळी तिने जिथे हद्द ठेवली तिथेच त्याला खोटा सॉनिक पॉइंट सापडत होता.

लॅम्डा ०.२५ ठेवून पाहिलं तर ते डोळ्यांना दिसतं. ०.१ वर वायूचा वेग स्थानिक ध्वनिवेगाच्या निम्मा, ०.०१ वर ८१ टक्के, ०.००१ वर ९४ टक्के. तो ध्वनिवेगाच्या मागे लागतो पण गाठत नाही, कारण आत येताना वायू दाबून इतका तापतो की ध्वनिवेगही त्याच्या बरोबरीने वाढत जातो. केंद्राजवळ दोघेही मुक्त पतनाच्या वेगाच्या निम्म्यावर येतात. गॅमा ५/३ ही सीमारेषा आहे. इथे दाब आणि गुरुत्व यांची कुस्ती शेवटपर्यंत बरोबरीत सुटते.

मला विचाराल तर शिकणाऱ्याने पहिल्यांदा ५/३ घेऊच नये. तो भौतिकदृष्ट्या सर्वांत ओळखीचा गॅमा, आणि गणिताच्या दृष्टीने सर्वांत आडवा. तिला मी ४/३ घ्यायला सांगितलं.

अडचण दुसरी: खरं घोडं इथे पेंड खात होतं

गॅमा ४/३ साठी सॉनिक पॉइंट बरोब्बर ०.२५ वर, म्हणजे हाताच्या अंतरावर. आता सगळं सुरळीत चालेल असं तिला वाटलं. लॅम्डा ०.७० दिला. वायूचा वेग ध्वनिवेगाच्या नव्वद टक्क्यांच्या जवळपास चढला आणि तिथून पुन्हा उतरू लागला. केंद्राजवळ नुसता दाट वायू साचल्यासारखा. ०.७१ दिला, तर प्रोग्राम ०.२७ च्या आसपास मोडला, वेगाचा उतार अनंताकडे गेला. मधले आकडे देत गेली. जितके दशांश वाढवले तितकी गाडी ०.२५ च्या जवळ जाऊन अडायची, पण पलीकडे एकदाही गेली नाही.

ती वैतागून म्हणाली, "सर, याले कोनता आकडा देऊ? कमी देल्ला तं माघारी फिरते, जास्त देल्ला तं अडकते."

"तू देऊच नको," मी म्हटलं. "समीकरणाला विचार, त्याला कोणता चालतो."

वेगाच्या उताराचं समीकरण कागदावर काढून घेतलं. एका बाजूला उतार गुणिले (वेग वजा ध्वनिवेगाचा वर्ग भागिले वेग). दुसऱ्या बाजूला ध्वनिवेगाच्या वर्गाची दुप्पट भागिले त्रिज्या, वजा गुरुत्व. वेग ध्वनिवेगाइतका झाला की डावा कंस शून्य होतो. त्या क्षणी उजवी बाजूही शून्य नसेल तर उतार अनंत होतो, आणि असा प्रवाह असू शकत नाही. दोन्ही एकदम शून्य झाले तरच वायू पार होतो. ही अट एकाच लॅम्डासाठी पूर्ण होते. आणि ती पूर्ण होते तिथे संगणकाला शून्य भागिले शून्य करावं लागतं. कितीही चांगली पद्धत आणा, बाहेरून चालत येऊन या भोकातून नेमकं जाणं तिला जमत नाही.

त्यातही एक खोच आहे, पुस्तकात ती सहसा सांगत नाहीत. लॅम्डातली चूक सॉनिक पॉइंटपाशी वर्गमुळाने दिसते. लॅम्डा दहा हजारात एकाने चुकला तर तिथला वेग शंभरात एकाच्या घरात चुकतो. म्हणून चार दशांश बरोबर आणूनही आलेख त्या जागी वाकडाच दिसत होता.

तिच्या घरी कापूस आहे. ओघ लॅम्डाने ठरतो की लॅम्डा ओघाने, यावर बोलताना तीच म्हणाली की जिनिंगच्या फाटकावर असंच असतं: काट्यावरून तासाला जितक्या गाड्या सुटतात तितकाच कापूस आत जातो, बाहेर रांग कितीही असो, आणि काटा पार केलेल्या गाडीला आत काय झालं हे रांगेतल्याला कळत नाही. यातला दुसरा भाग जास्त मोलाचा. वायूत दाबाची बातमी ध्वनिवेगाने जाते. वायू स्वतःच त्याहून वेगाने आत पडू लागला की आतली बातमी बाहेर पोचत नाही. त्यामुळे सॉनिक पॉइंटच्या आत काय आहे, कठीण पृष्ठभाग की कृष्णविवर, याचा बाहेरच्या ओघावर परिणाम होत नाही. फरक इतकाच की इथे काटा कोणी बसवलेला नाही. गुरुत्व आणि दाब मिळून ती जागा ठरवतात.

सोडवणूक

दोन रस्ते होते. एक, सॉनिक पॉइंटवरूनच सुरुवात करायची, तिथला उतार लोपितालच्या नियमाने (शून्य भागिले शून्यची किंमत काढायची रीत) काढायचा, आणि एकदा बाहेर, एकदा आत चालत जायचं. दुसरा, उताराचं समीकरण सोडूनच द्यायचं. ऊर्जा आणि वस्तुमान या दोन समीकरणांतून प्रत्येक त्रिज्येवर वेगाचं एक साधं बीजगणिती समीकरण मिळतं. त्याची दोन उत्तरं असतात: एक ध्वनिवेगाहून कमी, एक जास्त. बाहेर पहिलं घ्यायचं, आत दुसरं.

मी दुसऱ्या रस्त्याचा आग्रह धरला. त्यात प्रत्येक त्रिज्या सुटी असते; एका जागची चूक पुढे वाहत नाही. बोंडींनीही प्रश्नाला साधारण असाच हात घातला होता, हातात संगणक नसताना.

आलेखाला हात लावण्याआधी सॉनिक पॉइंटवरचे आकडे कागदावर काढायला लावले. गॅमा ४/३, त्रिज्या १/४. तिथे ध्वनिवेगाचा वर्ग म्हणजे गुरुत्वस्थिरांक गुणिले वस्तुमान भागिले त्रिज्येची दुप्पट, आपल्या एककांत २. म्हणून वेग आणि ध्वनिवेग दोन्ही वर्गमूळ दोन, १.४१४. ध्वनिवेगाचा वर्ग घनतेच्या घनमुळाप्रमाणे वाढतो, म्हणून घनता दोनचा घन, आठपट. आता ऊर्जा तपासा: वेगाच्या वर्गाचं निम्मं १, अधिक तीन गुणिले (२ वजा १), बेरीज ४, दुसऱ्या बाजूला एक भागिले १/४, तेही ४. जुळलं. मग लॅम्डा: १/१६ गुणिले १.४१४ गुणिले ८, म्हणजे ०.७०७. ज्या आकड्यासाठी प्रोग्राम रात्र-रात्र चालला तो वहीच्या अर्ध्या पानात निघाला, तोही नेमका: एक भागिले वर्गमूळ दोन.

यानंतर प्रोग्रामला काम राहिलं ते बाकीच्या त्रिज्यांचं. दहा बोंडी त्रिज्यांवर वायू जवळपास झोपलेला आहे: वेग दूरच्या ध्वनिवेगाच्या ०.६ टक्के, घनता दहा टक्क्यांनी जास्त. एक त्रिज्येवर तो स्थानिक ध्वनिवेगाच्या २७ टक्के वेगाने सरकतो, घनता सव्वादोनपटींच्या थोडी वर. ०.२५ वर पार. ०.०१ वर स्थानिक ध्वनिवेगाच्या चारपटींहून जास्त वेग, घनता साडेपाचशेपट, आणि पतन मुक्त पतनाच्या ८८ टक्के वेगाने. गुरुत्वाची पकड बसल्यावर दाबाचं फारसं चालत नाही.

एक शंका तिने स्वतः काढली, आणि ती रास्त होती. ०.७० चा संथ प्रवाहही समीकरणात बसतो. मग निसर्ग ०.७०७ च का निवडेल? स्थिर समीकरणं याचं उत्तर देत नाहीत. बोंडींनीही कमाल ओघच संभवतो असं मत मांडलं, सिद्धता दिली नाही. म्हणून तिने काळासकट चालणारा छोटा प्रोग्राम लिहिला: स्थिर वायू भरायचा, आतल्या टोकाला आलेलं सगळं गिळायचं, आणि वाट पाहायची. आतल्या कप्प्यांमुळे काळाची पायरी बारीक ठेवावी लागते, म्हणून हा रात्रभर चालायचा. गावात लाईनचा भरवसा नाही आणि तिच्या लॅपटॉपची बॅटरी थकलेली, त्यामुळे थोड्या थोड्या वेळाने सगळी स्थिती फाइलमध्ये लिहून ठेवायची आणि सकाळी तिथूनच पुढे चालवायची, ही सवय तिला सक्तीने लागली. ओघ हळूहळू ०.७०७ च्या आसपास येऊन स्थिरावला. लॅम्डा तिने कुठेच दिला नव्हता.

त्यात एक अट कळली: आतलं टोक सॉनिक पॉइंटच्या आत असेल तरच हे घडतं. बाहेर ठेवलं तर तिथे आपण जो नियम लावू तो सगळ्या प्रवाहावर स्वार होतो. पहिल्या अडचणीचंच हे दुसरं रूप.

प्रत्यक्ष आकाशावर

मेच्या मध्यात रात्री अडीचच्या सुमारास आमच्या अक्षांशावरून आकाशगंगेचा मध्य दक्षिणेला चाळीस अंशांवर असतो, मूळ आणि पूर्वाषाढा यांच्या दरम्यान. गावाकडच्या अंधारात तिथला पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तिथलं सॅजिटेरियस ए स्टार हे कृष्णविवर सूर्याच्या सुमारे ४३ लाख पट जड आहे. चंद्रा क्ष-किरण वेधशाळेने (१९९९ साली सोडलेली, नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं) त्याच्याभोवतीचा तप्त वायू पाहिला: तापमान कोटी अंशाच्या घरात, घनता घनसेंटिमीटरला शंभरेक इलेक्ट्रॉन.

इथे ५/३ टाळता येत नाही, पण आता त्याची भीती उरली नव्हती. सापेक्षतावाद धरला की सॉनिक पॉइंट केंद्रात न राहता कृष्णविवराच्या क्षितिजाबाहेर (ज्याच्या आतून प्रकाशही सुटत नाही त्या सीमेबाहेर) येतो. १९७२ मध्ये मिशेल यांनी हा प्रश्न सापेक्षतावादात मांडला. ओघाचा आकडा मात्र ०.२५ नेच ठरतो. ध्वनिवेग सेकंदाला ४८० किलोमीटर, बोंडी त्रिज्या पाव प्रकाशवर्ष, म्हणजे क्षितिजाच्या त्रिज्येच्या दोन लाख पट. ओघ निघाला वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाच्या लाखात दोन-तीन भाग.

आता या पडणाऱ्या वस्तुमानाच्या ऊर्जेतला दहावा हिस्सा प्रकाशात बदलला असं धरलं तर ते ठिकाण काही कोटी सूर्यांइतकं झळकायला हवं. प्रत्यक्षात ते काहीशे सूर्यांइतकंच आहे. लाखपटींचा फरक.

प्रोग्राम चुकला म्हणून नव्हे. गोलाकार पतन ही अट आकाशाने पाळलेली नाही. तिथला वायू मुख्यतः जवळच्या मोठ्या ताऱ्यांच्या वाऱ्यांतून येतो, आणि त्याला फिरकी असते. पाव प्रकाशवर्षावरची किरकोळ फिरकीही आत येता येता वायूला सरळ पडू देत नाही. कृष्णविवराजवळून येणाऱ्या रेडिओलहरींच्या ध्रुवणावरून (त्या कोणत्या दिशेने डोलतात त्यावरून) तिथला ओघ बोंडींच्या आकड्याच्या शेकडो ते हजारोपट कमी निघतो. बराचसा वायू वाटेतूनच बाहेर फेकला जात असावा. शिवाय जो आत जातो तो आपली उष्णता प्रकाशात न बदलता सोबत घेऊन जातो. बोंडींचा आकडा दारापाशी किती माल आला ते सांगतो. त्यापुढचं काम दुसऱ्या गणिताचं.

काही मार्गदर्शक असा निकाल प्रबंधात दडवायला सांगतात, "जुळत नाही" म्हणून. मला तो प्रबंधाचा सर्वांत कामाचा भाग वाटला. हद्द हलवल्यावर बदलणारे ०.३३, ०.२५८, ०.२५१ हे आकडेही तिने तक्त्यासकट छापले.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आलेख पाहिले आणि एकच प्रश्न विचारला: "वायू आत न येता बाहेर जात असता, तर किती बदलावं लागलं असतं?" ती थोडा वेळ समीकरणाकडे पाहत राहिली. ऊर्जेत वेगाचा वर्ग आहे, चिन्ह बदललं तरी समीकरण तेच. सॉनिक पॉइंट तोच, फक्त संथ भाग आत आणि वेगवान भाग बाहेर. १९५८ मध्ये यूजीन पार्कर यांनी सौरवाऱ्यासाठी, म्हणजे सूर्यापासून बाहेर वाहणाऱ्या वायूसाठी, मांडलं ते हेच. परीक्षकांनी तिथल्या सॉनिक पॉइंटचा आकडा मागितला. गॅमा १, सूर्याचं वस्तुमान, तापमान दहा लाख अंश घालून तिने तिथेच फळ्यावर काढून दाखवलं: सूर्याच्या केंद्रापासून त्याच्या जवळपास सात त्रिज्यांवर.